घाट चढावा श्वासाच्या तालावर

सायकल म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर दूधवाला, पोस्टमन आणि धोतराचा सोगा साखळीत अडकू नये म्हणून जपणारे शाळामास्तर उभे राहतात. त्या काळी सायकल ही गरजेची वस्तू होती. कोणी निव्वळ हौसेने सायकलवरून महाबळेश्वरचा घाट चढून जाईल, असे सांगितले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते. आता चित्र पालटले आहे. थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे मेढ्याच्या रस्त्याला उभे राहिलात तर डोक्यावर हेल्मेट, पाठीवर छोटी पिशवी आणि गिअरची सायकल अशा वेषातली मंडळी घोळक्याने जाताना दिसतील. त्यांत कॉलेजची मुले असतातच, पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले व्यापारी, शिक्षक, वकील आणि बँकेतले लोकही पुष्कळ असतात. अलीकडे भगिनीही दिसू लागल्या आहेत. ही अतिशय चांगली गोष्ट आहे.

या मंडळींपैकी कोणी ना कोणी दवाखान्यात येऊन विचारतो, "डॉक्टर, महाबळेश्वरची फेरी मारायचा विचार आहे. जमेल ना?" माझे उत्तर ठरलेले आहे. जमेल, पण येत्या रविवारी नव्हे, तीन महिन्यांनी. हे उत्तर अनेकांना रुचत नाही. म्हणून घाट चढताना शरीरात नेमके काय घडते आणि हे तीन महिने का लागतात, ते आज सविस्तर पाहू.

फेरी कशी आहे?

साताऱ्याहून मेढा, मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, तेथून पाचगणी, मग पसरणीचा घाट उतरून वाई आणि वाईहून पाचवडमार्गे महामार्गाने परत सातारा, अशी ही फेरी आहे. एकूण अंतर सुमारे १२० किलोमीटर. जाताना वेण्णा नदीच्या खोऱ्यातून वर जायचे आणि येताना कृष्णेच्या खोऱ्यातून खाली यायचे. या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला एकमेकींना भेटतात. म्हणजे ही फेरी करणारा माणूस एका दिवसात दोन नद्यांची साथ करून येतो. कण्हेर धरणाचे पाणी, केळघरच्या वरची गर्द झाडी, महाबळेश्वरच्या जांभूळ, अंजनी आणि हिरड्याच्या रानातून जाणारा सावलीचा रस्ता आणि पाचगणीचे सिल्व्हर ओक, असा देखावा सोबतीला असतो.

पण देखावा पाहून शरीराचे काम हलके होत नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. मेढ्यापर्यंतचा रस्ता तसा सौम्य आहे. खरी चढण केळघरपासून सुरू होते आणि साडेसहाशे मीटरच्या चढाईतला मोठा हिस्सा त्या घाटातच आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर हे दोनशेहून अधिक मजले झाले!

चढावर शरीरात काय होते?

समजा, आपले वजन ७० किलो आणि सायकल व सामान मिळून १५ किलो. हे ८५ किलोचे ओझे साडेसहाशे मीटर उंच न्यायचे आहे. आपले स्नायू अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामासाठी वापरू शकतात. बाकीच्या तीन हिश्शांची उष्णता होते. हा हिशेब मांडला तर नुसती उंची गाठण्यासाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे कॅलरी खर्ची पडतात, म्हणजे तीन-चार भाकऱ्या त्या घाटातच जिरल्या. संपूर्ण फेरीला अडीच ते तीन हजार कॅलरी लागतात. बैठे काम करणारा माणूस दिवसभरात खातो, त्याहून हा आकडा मोठा आहे.

ही ऊर्जा तयार करायला प्राणवायू लागतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. चढावर जोर लावला की तेच हृदय पंधरा ते वीस लिटर रक्त फिरवू लागते. छातीचा भाता मिनिटाला सहा-आठ लिटर हवा ओढत असतो, तो साठ-सत्तर लिटरच्या पुढे जातो. रक्ताचा मोठा ओघ मांड्यांकडे वळतो, काही भाग उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे जातो आणि पोटाच्या वाट्याला थोडेच रक्त उरते. भरल्या पोटी घाट चढणाऱ्याला मळमळते, त्याचे कारण हेच आहे.

आणखी एक समजूत येथेच दूर करतो. "वरची हवा विरळ असते, म्हणून दम लागला," असे पुष्कळजण सांगतात. महाबळेश्वरला हवेचा दाब साताऱ्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनीच कमी असतो. विरळ हवेचा खरा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि आपल्या सह्याद्रीत तेवढी उंची कोठेच नाही. तेव्हा केळघरच्या घाटात धाप लागली तर त्याचा दोष हवेला देऊ नये. एक तर आपला वेग आपल्या तयारीपेक्षा जास्त आहे, नाहीतर हृदय, फुफ्फुसे किंवा रक्त यांत काही उणीव आहे. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला चढावर सर्वांआधी धाप लागते, हे आपल्याकडे वारंवार दिसते. तिला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगावे.

बोलता आले पाहिजे

घाट किती वेगाने चढावा? यासाठी मनगटावरचे महागडे घड्याळ नसले तरी चालते. चढताना सोबत्याशी पाच-सहा शब्दांचे वाक्य न थांबता बोलता आले तर वेग बरोबर आहे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त झाला आहे. आरामात गाणे म्हणता येत असेल तर थोडा जोर लावायला हरकत नाही. ही कसोटी साधी वाटते, पण तिच्यामागे शास्त्र आहे. स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतो तोवर चरबी आणि साखर दोन्ही नीट जळतात आणि माणूस तासन् तास चालू शकतो. जोर त्यापलीकडे गेला की शरीर साखरच भराभर उधळू लागते, रक्तातली आम्लता वाढते आणि ती आटोक्यात ठेवण्यासाठी श्वास जलद होतो. मग बोलायला श्वास उरत नाही.

नाडीवर लक्ष ठेवायचे असेल तर २२० मधून वय वजा करावे. पन्नाशीच्या माणसाला १७० हा आकडा मिळतो. हा ढोबळ अंदाज आहे. घाटात नाडी या आकड्याच्या सत्तर ते ऐंशी टक्क्यांत, म्हणजे मिनिटाला १२० ते १३६ च्या आसपास राहिली तर बरे. मात्र रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी चालू असलेल्यांची नाडी औषधामुळेच वाढत नाही. त्यांनी आकड्यावर विसंबू नये, बोलण्याची कसोटीच वापरावी.

चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. पायडल मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज फिरले पाहिजे. जड गिअरवर उभे राहून रेटा देत चढणे पाहायला मर्दुमकीचे वाटते, पण त्याचा भार गुडघ्याच्या वाटीवर आणि रक्तदाबावर येतो. ज्यांची सायकल साधी, बिनगिअरची आहे त्यांनी तीव्र वळणावर खुशाल उतरून चालावे. त्यात कमीपणा कसला?

सवय नसलेले हृदय

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. व्यायामाने हृदय बळकट होते, याविषयी दुमत नाही. लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांची पाहणी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुमजली बसच्या जिन्यावरून दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे तीत आढळले. पण याची दुसरी बाजूही आहे. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम न करणाऱ्या माणसाने एकदम जोराचे श्रम केले, तर त्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका इतर वेळेपेक्षा सुमारे १०७ पट असतो, असा निष्कर्ष निघाला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत तोच धोका केवळ २.४ पट होता.

हे आकडे वाचून घाबरू नये. एरवी एखाद्या तासात झटका येण्याची शक्यता फारच थोडी असते, त्यामुळे तिची शंभर पट केली तरी ती लहानच राहते. पण ज्याला मधुमेह आहे, जो तंबाखू खातो वा विडी-सिगारेट ओढतो, ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ज्याच्या वडिलांना वा भावाला कमी वयात झटका आलेला आहे, त्याच्या बाबतीत ती लहान राहत नाही. श्रम तेच आणि घाटही तोच. फरक पडतो तो सवयीने. माझ्या 'तीन महिन्यांनी' या उत्तराचा अर्थ एवढाच आहे.

एक उदाहरण सांगतो. बावन्न वर्षांचे एक दुकानदार. वजन बेताचे, दिसायला ठणठणीत, पण दिवसभर गल्ल्यावर बसणे आणि तोंडात तंबाखूची गोळी. मित्रांच्या आग्रहाने त्यांनी नवी सायकल घेतली आणि तिसऱ्याच रविवारी घाटाला निघाले. अर्ध्या चढणीत छातीच्या मधोमध कोणी पाट ठेवून दाबल्यासारखे वाटले. पाच मिनिटे कठड्यावर बसल्यावर बरे वाटले, पुन्हा सायकलवर बसताच परत तेच. "सकाळी मिसळ खाल्ली होती, पित्त झाले असेल," असे म्हणून सोबत्याने गोळी दिली. सुदैवाने ते तेथूनच जीपने परतले आणि सरळ दवाखान्यात आले. "डॉक्टर, पित्तच असेल ना?" हाच पहिला प्रश्न. पुढच्या तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाल्याचे आढळले आणि वेळेवर उपचार झाले. आज ते तंबाखूपासून दूर आहेत आणि सपाट रस्त्यावर रोज सायकल चालवतात.

यातून एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. श्रमाने सुरू होणारे आणि थांबल्यावर कमी होणारे छातीतले दडपण म्हणजे हृदयाची हाक आहे. वेदना छातीतच असेल असेही नाही. जबडा, गळा, डावा हात, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग येथेही ती जाणवते. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत कधी वेदना नसतेच, फक्त अनाकलनीय थकवा, गार घाम, मळमळ किंवा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त धाप एवढेच दिसते. असे काही झाले तर 'वर पोहोचू आणि मग पाहू' हा हट्ट करू नये. ताबडतोब उतरून सावलीत बसावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घाटात मोबाईलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून एका सोबत्याने येणारी गाडी थांबवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातील रक्तस्रावाचा इतिहास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची गोळी चावून खावी. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र स्वतःच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच वापरावी. रक्तदाब एकदम खाली जाऊन घात होऊ शकतो.

आधी कोणी तपासून घ्यावे?

चाळिशीच्या पुढच्या आणि आजवर बैठे आयुष्य घालवलेल्या प्रत्येकाने घाटाचा बेत करण्यापूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांना भेटावे. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी, हिमोग्लोबिन आणि कार्डिओग्राम या तपासण्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होतात. बसल्या जागी काढलेला कार्डिओग्राम निर्दोष आला म्हणजे सारे आलबेल, असे मात्र समजू नये. अरुंद रक्तवाहिनी विश्रांतीच्या वेळी कुरकुर करत नाही, मागणी वाढली की करते. म्हणून वर सांगितलेल्या धोक्यांपैकी काही असतील तर डॉक्टर ट्रेडमिलवरची चाचणी करायला सांगतील. ती टाळू नये. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा, कारण घाटातल्या गार हवेने श्वासनलिका आकसतात. आणि अंगात ताप असताना किंवा ताप उतरून दोन-चार दिवसच झाले असताना घाटाचे नावही काढू नये. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि अशा हृदयावर ताण पडला तर त्याची लय बिघडू शकते.

तीन महिन्यांची तयारी

पहिला महिना सपाट रस्त्याचा. आठवड्यातून चार दिवस, अर्ध्या तासापासून सुरुवात करून तासापर्यंत. बोलण्याची कसोटी सांभाळायची, अंतराकडे पाहायचे नाही. दुसऱ्या महिन्यात रविवारी मेढ्यापर्यंत जाऊन यावे. जाऊन-येऊन सुमारे पन्नास किलोमीटर होतात. मधल्या एका दिवशी थोडी चढण घ्यावी. सातारकरांना त्यासाठी यवतेश्वरचा घाट घरच्या अंगणासारखा आहे. पहिल्यांदा अर्धाच चढावा, पुढच्या आठवड्यात पाऊण, मग पूर्ण. तिसऱ्या महिन्यात केळघरचा घाट अर्धा चढून परत यावे आणि एका रविवारी सपाटीवर पाच तासांची लांब फेरी करावी. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावे आणि मुख्य फेरीच्या आधीचा आठवडा हलका ठेवावा.

एवढा वेळ का द्यायचा? हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटायला अधिक वेळ लागतो. स्नायूबंध आणि सांधे तर सर्वांत सावकाश तयार होतात. म्हणूनच दम टिकतो पण गुडघा दुखतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात.

गुडघ्याच्या दुखण्याचे मूळ अनेकदा सायकलच्या सीटमध्ये असते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागे दुखते. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. हँडल धरण्याची जागा दर दहा मिनिटांनी बदलावी.

शिदोरी आणि पाणी

शरीरात साखरेचा साठा मर्यादित असतो. स्नायू आणि यकृत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम. जोराच्या श्रमात तो दीड-दोन तासांत संपत येतो. मग पाय एकाएकी शिशासारखे जड होतात, डोके हलके होते, चिडचिड होते. म्हणून भूक लागण्याची वाट पाहू नये. निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा दूध-भाकरी असे हलके खावे. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटात जावेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे ही आपली जुनी शिदोरी परदेशी वड्यांपेक्षा कशातच कमी नाही. वडापाव आणि मिसळ मात्र घरी पोहोचल्यावर.

घाम तासाला अर्धा ते दीड लिटर जातो. हिवाळ्यात चारशे-पाचशे आणि उन्हात सातशे-आठशे मिलिलिटर पाणी दर तासाला, घोट घोट घेत जावे. नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक आहे. घामावाटे मीठ गेलेले असते, वरून साध्या पाण्याचा मारा झाला तर रक्तातले मीठ पातळ होते आणि डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा, कधी झटकेही येतात. म्हणून दोनपैकी एका बाटलीत जलसंजीवनी असावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आपण पुरेसे प्यालो की नाही, हे वजनकाटा सांगतो. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करावे. एखादा किलो कमी भरला तर ठीक. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले.

एप्रिल-मेच्या उन्हात ही फेरी करूच नये. चढावर वेग कमी असल्याने वारा लागत नाही आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. सोबती बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. घाम चालू आहे म्हणून उष्माघात नव्हे, असे मानू नये. त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात हलवावे. भर पावसाळाही टाळावा. दरडी, धुके आणि शेवाळलेला रस्ता यांच्यापुढे कोणाची तयारी कामी येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण

मधुमेहींना सायकल वरदान आहे, पण लांब फेरीला हिशेब लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चढावर झपाट्याने उतरू शकते. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर आधी खावे. २५० च्या वर असेल तर त्या दिवशी बेत रहित करून डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन मांडीत टोचू नये. पायडल मारताना ते तेथून भराभर रक्तात शोषले जाते, त्यापेक्षा पोटावर घ्यावे. डोस किती कमी करायचा हे आधीच विचारून ठेवावे. आणि लक्षात असू द्या, रिकामे झालेले स्नायू पुढे चोवीस तास रक्तातील साखर ओढत राहतात. माझ्या एका शिक्षक रुग्णाची साखर घाटात उत्तम राहिली, पण रात्री दोन वाजता ते घामाने डबडबून असंबद्ध बोलू लागले. वहिनींनी प्रसंगावधान राखून साखरपाणी दिले, म्हणून निभावले. तेव्हा फेरीच्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासावी आणि घरच्यांना कल्पना देऊन ठेवावी.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा मधुमेहासाठी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी लवकर आटते. त्या दिवशी ती कशी घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. गोळी मनाने बंद करू नये. फेरीआधी 'दुखू नये म्हणून' वेदनाशामक गोळी खाण्याचीही एक नवी रीत पडली आहे. पाणी आटलेल्या शरीरात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला इजा करू शकते. ती रीत मोडावी.

उतार आणि शेवटचा टप्पा

महाबळेश्वर गाठले की अर्धे काम झाले. पाचगणीपर्यंतच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटारींची रीघ असते. पसरणीच्या घाटात घामाने ओला सदरा आणि समोरचा वारा मिळून अंग गारठते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबायला वेळ लागतो. उतरण्यापूर्वी सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. युरोपातल्या मोठ्या शर्यतींतले स्वारही पूर्वापार हेच करत आले आहेत. (त्यासाठी हा अंक वापरण्यास हरकत नाही, मात्र लेख वाचून झाल्यावर!) ब्रेक सतत दाबून ठेवू नये. चाकाची कड तापून ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा आणि वळणात सोडावा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, पण ते हँडलला टांगलेले असेल तर उपयोग काय?

पाचवडनंतर महामार्ग लागतो. पाय थकलेले, साखर उतरलेली आणि शेजारून ट्रक धावताहेत, अशा वेळी लक्ष विचलित होते. म्हणून वाईला अर्धा तास थांबून खावे, प्यावे, पाय पसरावे. अंधार पडण्याची चिन्हे असतील तर उरलेले अंतर टेम्पोत सायकल टाकून करावे.

घरी आल्यावर तासाभरात भात-वरण, उसळ, दूध असे साधे जेवण घ्यावे. दोन-तीन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ लागली, तर स्नायूंचा चुरा मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

थोडक्यात

- चाळिशीनंतर तपासणी आधी, घाट नंतर.
- तीन महिने तयारी, आठवड्यातून चार दिवस.
- चढताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे.
- छातीत दडपण आले की तेथेच थांबावे. पित्त म्हणून सोडून देऊ नये.
- दर तासाला खावे, घोट घोट प्यावे, एका बाटलीत मीठ-साखर असावी.
- एकट्याने जाऊ नये. सोबत्याला आपले आजार, औषधे आणि घरचा फोन नंबर माहीत असावा.

महाबळेश्वरचा डोंगर कोठे पळून जात नाही. या हिवाळ्यात अर्धा घाट झाला तर पुढच्या हिवाळ्यात पूर्ण होईल. मधल्या वर्षभरात जी सायकल चालवली जाईल, तिचा हृदयाला होणारा फायदा त्या एका फेरीपेक्षा कितीतरी मोठा आहे.